काठी कोणाच्या हाती?

मराठीत ‘आंधळ्याची काठी’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. वृद्ध आईबापांना एकुलता एक मुलगा असला, म्हणजे त्याच्याविषयी लोक म्हणतात, ‘तो म्हणजे त्यांची आंधळ्याची काठी.’ ‘एकमेव आधार’ असा या वाक्प्रचाराचा अर्थ सांगतात. मीही तो वर्गात अनेक वर्षे तसाच सांगत आलो. विद्यार्थी तो वहीत उतरून घेत, परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवीत. परंतु ज्या काठीवरून हा वाक्प्रचार निघाला, त्या काठीकडे मी कधी नीट पाहिले नव्हते.

अंध मनुष्य काठी घेऊन चालतो, तेव्हा नेमके काय घडते? काठी त्याला उचलून नेत नाही. चालावयाचे त्याचे त्यालाच असते. कोठे जावयाचे, हेही काठी ठरवीत नाही. पुढे खड्डा आहे, दगड आहे, पायरी आहे, एवढेच ती सांगते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की तिची मूठ त्याच्या स्वतःच्या हातात असते. आधार म्हणतात तो असा असावा. ही साधी गोष्ट मला एका मुलाने शिकविली. आणि तो मुलगा असा, की ज्याला शिकविण्याचे मी एकदा नाकारले होते. ती हकीगत सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९९६ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. मी नुकताच एका खेड्यातील माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक झालो होतो. प्रवेशाची गर्दी ओसरली होती. एके दिवशी दुपारी एक शेतकरी बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन कार्यालयात आली. मुलाची दृष्टी लहानपणीच गेली होती. गावच्या प्राथमिक शाळेतील गुरुजींनी त्याला चार वर्षे वर्गात बसवून घेतले होते आणि तो ऐकून ऐकून शिकला होता. तिसापर्यंत पाढे त्याला येत होते, कविता मुखोद्गत होत्या. परंतु वाचणे आणि लिहिणे या दोन गोष्टी त्याच्या वाट्याला आल्या नव्हत्या.

मी त्या बाईला बसावयास सांगितले, पाणी दिले आणि अतिशय सौम्य शब्दांत नकार दिला. “हे पाहा बाई,” मी म्हणालो, “आमच्या शाळेला जिना आहे, आवारात विहीर आहे, तास संपला की चारशे मुले एकदम धावत सुटतात. त्याला काही इजा झाली तर? मी त्याच्या भल्यासाठीच सांगतो आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, विहीर तर आमच्या मळ्यातबी आहे. तिथं त्यो रोज जातो.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी घड्याळाकडे पाहिले. बाईने मुलाचा हात धरला आणि दोघे निघून गेली.

त्या वेळी माझ्या मनाला काही लागले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उलट, आपण एका मुलाला संकटातून वाचविले, असेच मला वाटत होते. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला अपंग व्यक्तींविषयीचा १९९५ चा कायदा देशात अमलात आला होता. अशा प्रत्येक मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अनुकूल वातावरणात मोफत शिक्षण मिळावे, ही जबाबदारी त्या कायद्याने शासनावर टाकली होती. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलेल्या मला त्याची वार्ताही नव्हती.

दोन वर्षे गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी कार्यालयात एकटाच काम करीत बसलो होतो. खिडकीतून पाहतो, तो तोच मुलगा आवारातून येत होता. आई दहा पावले मागे होती. मुलाच्या हातात पांढरी काठी होती. विहिरीच्या कडेची फरशी काठीने चाचपून तो वळला, पायऱ्या चढला आणि दारात उभा राहून म्हणाला, “सर, आत येऊ का?” मधल्या काळात कोणीतरी त्याच्या आईला शहरातील अंध मुलांच्या निवासी शाळेचा पत्ता दिला होता आणि तो तेथे शिकत होता.

“सर, मी आपलं नाव लिहून आणलं आहे,” असे म्हणून त्याने माझ्या हातात एक जाड कागद ठेवला. मी पाहिले, तर कागद कोरा! त्यावर शाईचा एक थेंबही नव्हता. नुसते बारीक उंचवटे होते. मी तो उलटसुलट केला, खिडकीच्या उजेडात धरला. माझी धडपड त्याच्या लक्षात आली असावी. तो हसून म्हणाला, “सर, त्याला उजेड लागत नाही.” मग त्याने कागद परत घेतला, उंचवट्यांवरून बोट फिरविले आणि माझे नाव, शाळेचे नाव व त्या दिवसाची तारीख स्वच्छ वाचून दाखविली.

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला मी त्या कागदापुढे निरक्षर होतो. दोन वर्षांपूर्वी मी या मुलात जी उणीव पाहिली होती, ती त्या घटकेपुरती माझ्यात होती. फरक इतकाच, की मला कोणी शाळेच्या दारातून परत पाठविले नव्हते.

मुलांनो, त्या कागदावरच्या लिपीला ब्रेल लिपी म्हणतात. ती कोणी निर्माण केली, हे समजून घेण्यासारखे आहे.

दृष्टी नसतानाही विद्वान झालेले पुरुष आपल्याकडे पूर्वी झाले नाहीत, असे नाही. विदर्भातील गुलाबराव महाराज हे तर अगदी अलीकडचे उदाहरण होय. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या सत्पुरुषाची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्यात गेली. इतरांकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत, ध्यानात ठेवावेत आणि आपले विचार दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यावेत, अशा रीतीने त्यांनी अनेक ग्रंथ रचले. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणत. परंतु अशी अलौकिक स्मरणशक्ती किती जणांना लाभणार? आणि दिवसभर वाचून दाखविणारा मनुष्य किती घरांत मिळणार? सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरातील अंध मुलाला स्वतः वाचता यावे, यासाठी काहीतरी साधन हवे होते.

ते साधन एका मुलानेच शोधून काढले. त्याचे नाव लुई ब्रेल. त्याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांचे चामडी साज बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असता चामडे टोचण्याची आरी त्याच्या डोळ्यात शिरली. जखम चिघळली, दुसरा डोळाही बिघडला आणि त्याची दृष्टी पार गेली. त्याच्या आईवडिलांनी मात्र त्याला घरात बसवून ठेवले नाही. तो काठीच्या आधाराने गावात हिंडे आणि गावच्याच शाळेत इतर मुलांबरोबर शिके. १८१९ मध्ये त्याला पॅरिसच्या अंधशाळेत पाठविण्यात आले. त्या शाळेत पुस्तके होती. परंतु त्यांतील अक्षरे डोळस लोकांचीच, फक्त कागदावर उठविलेली असत. ती मोठी आणि बोजड असल्यामुळे एकेक अक्षर चाचपून ओळखण्यात फार वेळ जाई. आणि अशी अक्षरे मुलांना स्वतःच्या हाताने लिहिता तर येतच नसत.

पुढे शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी सैनिकी अधिकाऱ्याने ठिपक्यांची एक पद्धत या शाळेपुढे मांडली. त्या पद्धतीत एका खुणेसाठी बारा ठिपक्यांपर्यंत जागा लागे. एवढी खूण बोटाच्या टोकाखाली मावत नसे. लुईने तिच्यावर रात्रंदिवस विचार केला, बाराचे सहा ठिपके केले आणि १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपली लिपी सिद्ध केली. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

यापुढील इतिहास आम्हां शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ही लिपी डोळस शिक्षकांना वाचता येत नव्हती, म्हणून खुद्द त्या शाळेच्या चालकांनी काही काळ तिला मनाई केली. विद्यार्थी मात्र ती चोरून शिकत राहिले. कारण आपल्या बोटांना काय कळते, हे त्यांना ठाऊक होते. ब्रेलचे निधन ६ जानेवारी १८५२ रोजी झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. ज्यांच्यासाठी सोय करावयाची, त्यांनाच विचारावयाचे नाही, ही चूक किती जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी शाळा काढली. तीच आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. पूर्वी आपल्या देशात ब्रेलच्या अनेक पद्धती चालत आणि एका प्रांतातील पुस्तक दुसऱ्या प्रांतातील विद्यार्थ्याला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धत मान्य झाली. मराठीचे ब्रेल लेखन या पद्धतीने होते.

ही लिपी समजण्यास कठीण नाही. तीन ठिपक्यांची एक उभी ओळ आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी ओळ, अशी सहा ठिपक्यांची एक चौकट कल्पावी. डाव्या ओळीतील ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीतील ठिपक्यांना ४, ५, ६ असे क्रमांक द्यावेत. यांपैकी कोणते ठिपके उठविले आहेत, त्यावरून अक्षर ठरते. १ आणि ३ हे ठिपके उठविले, की ‘क’ होतो. १, ३ आणि ४ उठविले, की ‘म’ होतो. १, २ आणि ३ म्हणजे ‘ल’. ही तीन अक्षरे ओळीने लिहिली, की ‘कमल’ हा शब्द झाला. सहा ठिपक्यांपासून अशा एकूण ६३ खुणा बनतात. त्यांतच स्वर, व्यंजने, अंक आणि विरामचिन्हे बसविलेली आहेत.

लिहिण्यासाठी ब्रेल पाटी आणि टोचणी वापरतात. पाटीच्या चौकटीत जाड कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जावयाचे. टोचलेला ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उंचवटा होऊन उमटतो. मग कागद उलटा केला, म्हणजे तोच मजकूर डावीकडून उजवीकडे वाचता येतो. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ मागाहून लिहितो. उच्चार मात्र आधी ‘क्’ चा आणि मग ‘इ’ चा करतो. ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि नंतर ‘इ’ असेच लिहितात. तेथे लेखन उच्चाराच्या पाठोपाठ चालते.

आज बोलणारे संगणक आणि मोबाइल आले आहेत. ते पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितात. २०१३ मध्ये मोरोक्को देशातील माराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामुळे दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या ब्रेल व ध्वनिमुद्रित प्रती करणे सोपे झाले. या कराराला २०१४ मध्ये सर्वांत प्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. मग ब्रेल आता कशाला, असे कोणी विचारील. भाषेचा शिक्षक या नात्याने मी त्याला एवढेच सांगेन, की ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे केविलवाणा. या दोन शब्दांतील भेद नुसत्या कानाला सहज कळत नाही; तो अक्षराला स्पर्श केल्यावाचून पक्का होत नाही. ज्याला शुद्ध लिहावयाचे आहे, त्याला अक्षर भेटलेच पाहिजे.

त्या कोऱ्या कागदाने माझे डोळे उघडले. पुढे काही वर्षांनी एक अंध मुलगी आमच्या शाळेत प्रवेशासाठी आली, तेव्हा मी तिचे नाव नोंदवून घेतले. तिच्यासाठी फार मोठा खर्च करावा लागला नाही. विहिरीला कठडा बांधला. तो खरे तर चारशे डोळस मुलांसाठीही आधीच बांधावयास हवा होता. फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी ते मोठ्याने उच्चारावे, असे ठरविले. त्याचा लाभ मागच्या बाकावरील साऱ्या मुलांना झाला. भूगोलाच्या शिक्षकांनी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून महाराष्ट्राची सीमा केली, नद्यांसाठी जाड दोरा लावला आणि शहरांच्या जागी तुरीच्या डाळीचे दाणे बसविले. गणितासाठी टेलर फ्रेम आणली. तिच्या भोकांत खिळे निरनिराळ्या दिशांनी बसवून आकडे मांडतात. ब्रेल शिकविण्यासाठी विशेष शिक्षक ठरावीक दिवशी येत. परीक्षेत तिला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळाला.

चूक झाली ती निराळ्याच ठिकाणी. वर्गातील मुली तिच्यावर इतके प्रेम करू लागल्या, की तिचे दप्तर त्या उचलीत, डबा त्या उघडीत, पाण्याचा पेलाही तिच्या ओठांना लावीत. एके दिवशी ती रागावून म्हणाली, “माझं दप्तर मला उचलू द्या. मी बघू शकत नाही, उचलू शकते.” वर्ग चपापला. परंतु त्या दिवसापासून ती खऱ्या अर्थाने त्यांची मैत्रीण झाली. काठी दुसऱ्याने आपल्या हाती घेतली आणि तो अंध माणसाला ओढीत नेऊ लागला, तर ती काठी राहत नाही. तो दोर होतो.

जी गोष्ट अंध मुलांची, तीच इतर दिव्यांग मुलांची. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला वर्गात जाता येत नाही, तेव्हा आपण त्याच्या पायांकडे पाहतो आणि हळहळतो. दारातील तीन पायऱ्यांकडे आपले लक्ष जात नाही. तेथे एक उतरण बांधली, तर त्याचे पाय होते तसेच राहूनही तो वर्गात पोहोचतो. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा हवी आणि तिच्या अभ्यासासाठी २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. ज्या मुलाची बुद्धी सावकाश चालते, त्याला चित्रे, पुनरावृत्ती आणि वेळ हवा. प्रत्येकाची काठी निराळी असते. ती त्याला विचारूनच निवडावी लागते.

योग्य साधन आणि संधी मिळाली, तर मनुष्य काय करू शकतो, याचे एक उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातीलच आहे. मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. बरे होण्यासाठी त्यांनी पोहण्यास सुरुवात केली आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील ते भारताचे पहिले सुवर्णपदक होय. त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली ती २०१८ मध्ये. पाण्याने त्यांना लवकर ओळखले. आपल्याला मात्र शेहेचाळीस वर्षे लागली.

आता त्यांच्या घरांविषयी दोन शब्द. दिव्यांग मूल जन्माला आले, की अनेक घरांत पहिला दोष आईला दिला जातो. ‘ग्रहणात काही चिरले असेल,’ ‘मागच्या जन्मीचे पाप असेल,’ असे शेजारी बोलतात. यात तिळमात्र तथ्य नाही. अंधत्वाची कारणे पाहू गेल्यास, ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव, गोवरासारखे रोग, दिवस पुरे होण्यापूर्वी झालेला जन्म, अपघात आणि आनुवंशिकता ही त्यांतील काही होत. यांपैकी काही टाळता येतात. म्हणूनच गोवराची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस बालकांना देतात. जे टाळता येत नाही, त्याचा दोष कोणाच्याच माथी मारू नये.

अशा घरातील आई पुष्कळदा वर्षानुवर्षे लग्नकार्याला जात नाही, माहेरी राहत नाही. कारण मुलाला कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा प्रश्न असतो. भावंडांना वाटते, की आपल्याकडे कोणी पाहतच नाही. आणि आईवडिलांच्या मनात एक प्रश्न अष्टौप्रहर घर करून असतो: ‘आमच्यामागे याचे कसे होईल?’ या प्रश्नाला नुसते अश्रू हे उत्तर नव्हे, तसेच अकराव्या वर्षीही त्याला हाताने भरविणे हेही उत्तर नव्हे. त्याला आपले आपण जेवता यावे, कपडे घालता यावेत, पैसे मोजता यावेत, एस. टी. ने जाता यावे आणि एखाद्या कामात हात बसावा, हेच त्याचे खरे उत्तर होय. ज्या मुलांना एवढे साधत नाही, त्यांच्यापैकी स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक वा बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालक नेमण्याची सोय आहे. परंतु कायद्याच्याही आधी शेजारी येतो. महिन्यातून एक दुपार एखाद्या शेजारणीने त्या मुलाजवळ बसावे आणि त्याच्या आईला बाहेर जाऊ द्यावे. त्या दुपारचे मोल त्या आईलाच ठाऊक!

अशी घरे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टीचे दिव्यांगत्व होते. एकूण दिव्यांगांपैकी सुमारे ५५ टक्केच साक्षर होते. १९९५ च्या कायद्याच्या जागी आता दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला आहे. पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि ते जवळच्या शाळेत घ्यावे, की विशेष शाळेत, हे निवडण्याचा हक्कही त्याचाच आहे. उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत ५ टक्के आणि शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. मी त्या बाईला जे उत्तर दिले, ते आज कोणा मुख्याध्यापकाने दिले, तर तो कायद्याचा भंग होईल. परंतु कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याच उपयोगी पडतो. तो घरोघरी सांगण्याचे काम तुमच्यासारखी शिकणारी मुले उत्तम करू शकतील.

आणखीही काही गोष्टी तुमच्या हातच्या आहेत. अंध व्यक्ती भेटल्यास प्रथम आपले नाव सांगावे. ‘ओळखा पाहू मी कोण’ असे कोडे घालू नये. मदत हवी का, हे विचारावे आणि ‘नको’ म्हटल्यास रागावू नये. रस्ता ओलांडताना तिचा हात धरून ओढू नये. आपले कोपर पुढे करावे, म्हणजे ती ते धरून अर्धे पाऊल मागून चालते आणि आपल्या हालचालीवरून पायरी ओळखते. निघून जाताना ‘मी निघतो’ असे सांगावे, नाहीतर ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. कोणालाही त्याच्या व्यंगावरून हाक मारू नये. आणि खेळाचा डाव मांडताना त्याला नुसते प्रेक्षक म्हणून बसवू नये. सर्वांना खेळता येईल, असा एखादा नियम आपणच शोधून काढावा. मुलांना नवे नियम फार चटकन सुचतात.

तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि एका बँकेत नोकरी करतो. त्याची आई वृद्ध झाली आहे. लोक त्याच्याविषयी म्हणतात, ‘हा आपल्या आईची आंधळ्याची काठी आहे,’ आणि तो वाक्प्रचार ऐकून तो मोठ्याने हसतो. त्याने दिलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे. सेवानिवृत्त झाल्यावर मी ब्रेलची अक्षरे शिकलो. माझी बोटे आता जाड झाली आहेत. त्यांना ठिपके लवकर कळत नाहीत. तरी एके दिवशी डोळे मिटून, एकेक अक्षर चाचपीत, मी त्या कागदावरचे माझे नाव वाचले. माझ्या नावात एक दीर्घ वेलांटी आहे. पुष्कळ डोळस विद्यार्थी ती ऱ्हस्व लिहीत असत. त्याने ती अचूक लिहिली होती.